गोळी नाही, सुई नाही : गेस्टाल्ट थेरपी कशी चालते, कोणाकडे घ्यावी

वस्तीत आरोग्य शिबिर लावलं की बीपी-शुगर मोजून झाल्यावर एखादी बाई मागे रेंगाळते. "सिस्टर, रिपोर्ट सगळे नॉर्मल आलेत, पण छातीवर दगड ठेवल्यासारखं वाटतं." हल्ली अशांना दवाखान्यातून किंवा पोरांच्या कॉलेजातून 'थेरपी घ्या' असं सांगितलं जातं. मग घरात प्रश्न निघतो : गोळी नाही, सुई नाही, नुसतं बोलून काय होणार? बोलायला शेजारीण आहे की.

शेजारीण हवीच. ती आपली कड घेते, चहा पाजते. पण दुसऱ्या दिवशी नळावर ती गोष्ट चौघींना कळलेली असते, आणि ती आपल्याला बरं वाटावं म्हणून विषय बदलते. थेरपिस्टने विषय बदलायचा नसतो. थेरपीचे प्रकार बरेच आहेत. कि. मो. फडके यांच्यामुळे अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ उपचारपद्धती मराठीत पुष्कळांच्या कानावर आहे. ती आपले विचार तपासायला शिकवते. गेस्टाल्टची वाट वेगळी. तिच्यात आपल्या लोकांच्या फार कामाचं काही आहे आणि थोडं धोक्याचंही, म्हणून या वेळी तिच्याबद्दल लिहिते.

'गेस्टाल्ट' हा जर्मन शब्द, अर्थ साधारण 'पूर्ण आकार'. फ्रिट्झ आणि लॉरा पर्ल्स हे ज्यू जोडपं १९३३ मध्ये हिटलरच्या जर्मनीतून निसटलं, आधी हॉलंड, मग दक्षिण आफ्रिका आणि महायुद्धानंतर न्यूयॉर्कला पोचलं. १९५१ मध्ये फ्रिट्झ पर्ल्स, राल्फ हेफरलाइन आणि पॉल गुडमन यांचं या पद्धतीवरचं पुस्तक निघालं. लॉराचं नाव त्यावर नाही, पण पद्धत उभी करण्यात ती बरोबरीची होती. बायकांच्या बाबतीत हे काही नवीन नाही.

पाणी यायची वेळ झाली की आपल्याला फक्त हंडा आणि नळ दिसतो. टीव्ही चालू असतो, पोरं भांडत असतात, ते सगळं मागे पडतं. हंडे भरले की नळ मागे जातो आणि मग कळतं, सकाळपासून पोटात काही नाही. मनाचंही असंच चालतं, असं ही पद्धत मानते. जी गरज मोठी ती पुढे येते, भागली की मागे सरते. पण काही हंडे भरतच नाहीत. आई करोनात गेली, तोंड बघायला मिळालं नाही. भरल्या घरात सासऱ्याने हात उगारला, शब्द घशातच राहिला. असं अर्धवट राहिलेलं वर्षानुवर्षं पुढेच उभं राहतं आणि त्याच्या आड आजचा दिवस दिसत नाही. थेरपीत या अर्धवट राहिलेल्याकडे वळायचं असतं.

समजा, आईचं दुःख घेऊन एक हाउसकीपिंगवाली ताई थेरपिस्टपुढे बसली आहे. ती भराभर सांगते : रुग्णवाहिका, बेड, कागद, स्मशान. थेरपिस्ट मध्येच विचारते, "हे सांगताना आत्ता तुमच्या शरीरात काय होतंय?" ताई म्हणते, "घसा आवळलाय." इथे कोणी 'रडू नका' म्हणत नाही, सल्ला देत नाही. "त्या घशापाशी जरा थांबूया का?" एवढंच. कधी समोर एक रिकामी खुर्ची ठेवली जाते. आई तिथे बसली आहे असं धरायचं आणि राहिलेलं बोलायचं. मग उठून आईच्या खुर्चीत बसायचं आणि आईच्या वतीने उत्तर द्यायचं. ऐकायला नाटकासारखं वाटतं, आणि ही कल्पना आलीही याकोब मोरेनो यांच्या मनोनाट्यातून. यामुळे झालेलं पालटत नाही. पण जे बोलायचं राहिलं होतं ते मोठ्याने, एका माणसाच्या साक्षीने बोललं जातं.

'असं का झालं' यापेक्षा 'आत्ता काय होतंय आणि कसं' यावर भर असतो. त्यामुळे शरीराकडे फार लक्ष दिलं जातं, आणि नर्स म्हणून मला हे पटतं. मुकादमाला बोलता येत नाही, कारण उद्याची हजेरी त्याच्या हातात. तो राग मग आत वळतो. जबडा आवळतो, मान धरते, रात्री दात खाल्ले जातात. वॉर्डात अशी माणसं पुष्कळ पाहिली. (तरी छातीत दुखलं तर आधी ईसीजी. थेरपी नंतर.)

पर्ल्स यांचा आणखी एक विचार आहे : आपण काही वाक्यं न चावताच गिळतो. लहानपणी मोठ्यांनी भरवली, शाळेने भरवली, आणि ती तशीच पोटात पडून राहतात. 'आपल्याला नाही जमायचं.' 'पुढच्या बाकावर बसू नको.' 'तुम्ही तर सवलतीवाले.' पंचविसाव्या वर्षी नोकरीची मुलाखत द्यायला गेलेल्या मुलाच्या तोंडाला कोरड पडते तेव्हा त्याच्या आत कोण बोलत असतं? थेरपीत ते वाक्य पुन्हा तोंडात आणून चावायचं असतं : हे माझं आहे की कोणी घातलेलं? घातलेलं असेल तर थुंकून टाकायचं. आपल्या लोकांच्या कामाचं म्हणाले ते हे.

आता धोका. फ्रिट्झ पर्ल्स माणूस तिखट होता. १९६५ च्या एका प्रशिक्षणपटात एकाच बाईशी तीन थेरपिस्ट आळीपाळीने बोलतात, त्यात एक पर्ल्स आहेत. ते तिला तोंडावर ढोंगी म्हणतात. 'स्वतःची जबाबदारी स्वतः घ्या' यावर त्यांचा फार जोर. हे वाक्य चुकीच्या तोंडी गेलं की त्याचं होतं : अपमान झाला असं 'तुम्हाला वाटतं', तेव्हा तुम्हीच बदला. बाथरूम साफ करणाऱ्या माणसाला वेगळ्या कपात चहा मिळत असेल तर ती त्याची भावना नाही, ती घडलेली गोष्ट आहे. आजचे चांगले गेस्टाल्ट थेरपिस्ट पर्ल्ससारखे अंगावर येत नाहीत. माणूस आणि त्याच्याभोवतीचं जग एकत्र बघा, असं या पद्धतीचं मूळ सूत्रच सांगतं. पण सगळे चांगले नसतात. म्हणून समोर कोण बसलंय हे पद्धतीइतकंच महत्त्वाचं.

शोधायचं कसं? भारतात 'गेस्टाल्ट थेरपिस्ट' अशी वेगळी सरकारी नोंदणी नाही, म्हणून पाटी कोणीही लावू शकतो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंद मात्र आरसीआयकडे, म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते, नंबर मागा. गेस्टाल्टचं शिक्षण त्यावर वेगळं घ्यावं लागतं. युरोपात ते साधारण चार वर्षं चालतं, त्यामुळे दोन दिवसांची कार्यशाळा करून खुर्ची मांडणाऱ्यापासून सांभाळा. फोनवरच विचारा : शिकलात कुठे, किती वर्षं? तुमचं काम कोणी अनुभवी माणूस तपासतं का? मराठीतून बोलता का? कमी फीचे काही तास ठेवता का? हे शेवटचं विचारायला लाजू नका. मोठ्या शहरात तासाला हजारावर फी सर्रास घेतात, पण बरेच जण काही जागा कमी फीच्या ठेवतात आणि न विचारता सांगत नाहीत.

आणि हेही विचारा : "जातीवरून जे सोसलं त्याबद्दल इथे बोलता येईल का?" उत्तर आलं, "अहो, आम्ही जातबित मानत नाही," तर समजा की माणूस भला आहे, पण त्याला ती मोजायची वेळ आलेली नाही. "मला सगळं कळेलच असं नाही, पण तुम्ही सांगा, मी ऐकेन," असं म्हणणारी व्यक्ती बरी. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात उपचाराचा हक्क जातीवरून भेदभाव न होता मिळाला पाहिजे असं स्पष्ट लिहिलं आहे, आणि तुमची माहिती गुप्त ठेवण्याचंही.

खरं सांगायचं तर गेस्टाल्ट शिकलेले लोक बहुतेक मोठ्या शहरांत आणि इंग्रजीत बोलणारे. नाही मिळाला तर अडून बसू नका. जिल्हा रुग्णालयाच्या किंवा मेडिकल कॉलेजच्या मानसोपचार ओपीडीत केसपेपर काढा, समुपदेशकाला भेटा. सीबीटीसारख्या पद्धतींवर गेस्टाल्टपेक्षा जास्त संशोधन झालेलं आहे, तेव्हा तिथे कमी दर्जाचं मिळतंय असं समजू नका. फोनवरची थेरपीही चालते, फक्त दहा बाय बाराच्या खोलीत सासूसमोर बोलणार काय? दुपारी विहार रिकामा असतो, महिला मंडळाकडे चावी असते. तासभर मागून घ्या.

काही वेळा मात्र आधी डॉक्टरच. कानात आवाज येत असतील, कोणीतरी मारायला टपलंय असं वाटत असेल, दिवसेंदिवस झोप नसेल, दारू सोडल्यावर हात थरथरत असतील, तर खुर्चीचे प्रयोग नकोत. जीव द्यायचे विचार येत असतील तर थेट रुग्णालय गाठा, नाहीतर टेलिमानसचा १४४१६ हा मोफत क्रमांक लावा. तिथे चोवीस तास माणूस असतं आणि मराठीत बोलता येतं. विपश्यना केली की थेरपीची गरज नाही असंही ऐकते. दोन्हीकडे सजगता आहे हे खरं, पण तिथे एकट्याने मौनात बसायचं असतं आणि इथे दोघांनी बोलायचं. दहा दिवसांच्या शिबिराच्या अर्जात मानसिक आजाराबद्दल विचारलेलं असतं. ते लपवून जाऊ नका.

मारहाण होणाऱ्या बायांसाठी एक गोष्ट वेगळी सांगते. खुर्चीसमोर जे बोललात ते घरी नवऱ्याला तसंच बोलायचं असं नाही. खुर्ची उठून मारत नाही. घरी जायच्या आधी थेरपिस्टशी सुरक्षिततेचं बोलून घ्या, आणि नवऱ्यासोबत एकत्र बसायचा आग्रह झाला तर नाही म्हणा.

एक तास साधारण पन्नास मिनिटांचा, आठवड्यातून एकदा, आणि काही महिने जातात. तीन-चार भेटींत माणूस पटला नाही तर बदला, त्यात उद्धटपणा नाही. पहिल्या भेटीनंतर पुष्कळांना रडून रडून थकवा येतो, डोकं जड होतं. त्या दिवशी रात्रपाळी असेल तर तास सुट्टीच्या दिवशी मागा.