पद्मिनीचा धडा : रांग म्हणजे पसंती नव्हे

सत्तरच्या दशकातील मोटारींचे आज फार कौतुक होते. १९६४ पासून कुर्ल्यात बनणाऱ्या फियाट ११०० डिलाइटलाच त्या दशकात प्रीमियर पद्मिनी हे नाव मिळाले. आराखडा मात्र जुना इटालियनच राहिला. पुढची सलग बैठक, स्टिअरिंगजवळचा गिअर आणि गल्लीतल्या मिस्त्रीला जमणारी दुरुस्ती, हे तिचे खरे गुण. परंतु परवाना पद्धतीमुळे पर्याय मोजके होते. ग्राहक वर्षानुवर्षे थांबत असल्याने रचना बदलण्याची निकड कारखान्याला भासली नाही. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली आणि खरी परीक्षा सुरू झाली. कापडातही टंचाईत खपलेला माल चांगलाच असतो असे नाही. व्यापारी बंधूंनी रांगेवर विसंबू नये. नमुना वेळेवर बदलावा.