रात्रीची पाळी

माझ्या टेबलाच्या खणात एटीएमच्या तीन पावत्या टाचणीला टोचून ठेवल्या आहेत. छत्तीस वर्षं बँकेत काढलेल्या माणसानं कागदाचे कपटे जपावेत याचं घरच्यांना नवल नाही; पण त्या पावत्यांवरचे आकडे पाहिले की ते हसतात. आळेफाटा, रात्री अकरा अठरा, रुपये शंभर. संगमनेरच्या पुढे, पहाटे तीन पंचावन्न, रुपये शंभर. नारायणगाव, सकाळी साडेआठ, पुन्हा शंभर. शहाण्या माणसाला अशा अवेळी शंभर रुपये कशाला लागावेत? खरं सांगायचं तर पैसे नकोच होते. हवी होती ती पावतीवर छापलेली वेळ.

गेल्या वर्षीच्या जानेवारीत, वयाच्या चौसष्टाव्या वर्षी, मी तीनशे किलोमीटरची ब्रेव्हे करायला निघालो. ब्रेव्हे हा फ्रेंच शब्द, अर्थ साधा : प्रमाणपत्र. दोनशे किलोमीटर साडेतेरा तासांत, तीनशे वीस तासांत, चारशे सत्तावीस तासांत आणि सहाशे चाळीस तासांत सायकलनं कापायचे. तासाला पंधरा किलोमीटर, म्हणजे तरुण माणसाला काहीच नाही असं वाटतं. पण त्यात जेवण, पंक्चर, लघवी, झोप सगळं धरलेलं असतं. शर्यत नाही, पहिला-दुसरा नंबर नाही, बक्षीस नाही. फार लवकर पोचलात तरी ते मोजत नाहीत. मागून गाडी घेऊन कुणी यायचं नाही. रात्री अंगावर चमकणारं जाकीट आणि पुढे-मागे दिवे हवेत. ठरल्या थांब्यांवर कार्डावर शिक्का घ्यायचा, आणि शिक्का मारायला कुणी नसेल तिथं एटीएमची पावती पुरावा म्हणून चालते. आयुष्यभर लोकांकडून पुरावे मागितले. म्हातारपणी मीच खिशात पुरावे घेऊन हिंडतो आहे.

या वेडाचं मूळ एका वर्तमानपत्रात आहे, हे या पानावर सांगायला हरकत नाही. १८९१ साली पॅरिसच्या 'ल पती जुर्नाल' या दैनिकाच्या पिएर जिफार या संपादकानं पॅरिसहून समुद्रकाठच्या ब्रेस्तपर्यंत आणि परत, अशी सुमारे बाराशे किलोमीटरची शर्यत काढली. शार्ल तेराँ नावाचा गडी एकाहत्तर तासांत, रात्री जागून, परत आला. त्याच्या सायकलला मिशलॅनचे काढता-घालता येणारे हवेचे टायर होते, आणि ते टायर खपले ते त्यानंतर. ती शर्यत पुढे संपली, पण पॅरिस-ब्रेस्त-पॅरिसची वारी दर चार वर्षांनी आजही होते. २०२३ साली झाली. नव्वद तासांची मुदत असते, आणि तिला जायचं तर आधी दोनशे, तीनशे, चारशे, सहाशे अशा पायऱ्या चढून यावं लागतं. आपल्याकडचे कितीतरी डॉक्टर, इंजिनियर, शिक्षक या पायऱ्या चढताहेत. आणि आपल्यालाही हे अगदीच परकं नाही. १५ ऑक्टोबर १९२३ रोजी मुंबईहून सहा पारशी तरुण सायकलवरून जगाच्या फेरीला निघाले. अदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा हे तिघे ती पुरी करून १९२८ साली परतले. वाळवंटं ओलांडली, पुस्तक लिहिलं. मुंबईत आज त्यांची नावं किती जणांना ठाऊक असतील, कोण जाणे.

मी काही त्या जातीचा नव्हे. पुण्यात वाढलो, म्हणून सायकल आली. महानगरपालिकेचा बिल्ला, डबल सीट पकडणारा हवालदार आणि टायरला घासत गुरगुरणारा डायनामो एवढंच माझं सायकलशास्त्र. त्या डायनामोचा दिवा चालवणाऱ्याच्या पायांवर पेटायचा. चढावर वेग मंदावला की उजेडही मिणमिणायचा, म्हणजे जिथं तो जास्त हवा नेमका तिथंच कमी. मग अधिकारी झालो, राजदूत आली, मग मोटार, मग रक्तदाब. निवृत्तीनंतर भाच्यानं सायकलवर बसवलं. तो संगणकातला. "मामा, रात्रीचं निघू. ऊन नाही, गर्दी नाही," म्हणाला.

गर्दी नाही म्हणणारा कधी शनिवारी संध्याकाळी चाकणमधून गेलेला नसावा. कारखान्यांच्या पाळ्या सुटलेल्या, कंटेनरच्या रांगा, धूळ. खेडचा घाट मागे पडेपर्यंत मी मनातल्या मनात भाच्याला काय काय म्हटलं ते छापण्याजोगं नाही. मंचरनंतर मात्र रस्ता मोकळा झाला आणि थंडी कानात शिरली.

रात्रीच्या सायकलीबद्दल लोक काव्य करतात. ते मी करणार नाही. भीती वाटते. सगळ्यात जास्त भीती उसाच्या ट्रॅक्टरची. जानेवारी म्हणजे गाळपाचा ऐन हंगाम. एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, वर माणसाच्या दुप्पट उंच मोळ्या, आणि मागे दिवा नाही. कधी एखादी ट्रॉली चाक फुटून रस्त्यातच उभी असते, मागे दोन दगड ठेवलेले. ते दगड हीच खूण. समोरून येणाऱ्या ट्रकच्या प्रखर झोतात आपले डोळे दिपले की पुढचं पंधरा-वीस हात काळं होतं, आणि त्या काळ्यात काय आहे ते देवाला ठाऊक. भाचा पुढे होता. एकदा तो "ट्रॉली!" एवढंच ओरडला आणि मी हँडल वळवलं तेव्हा उसाचं पाचट माझ्या दंडाला घासून गेलं. त्यानंतर बराच वेळ आम्ही बोललो नाही.

पण मोटारीत बसून कधी कळत नाही ते सायकलवर कळतं हेही खरं. नाकाला आधी कळतं : इथं कांदा, इथं शेणखत, इथं गुऱ्हाळ. गुडघ्यांना चढ कळतो, जो मी राजदूतवरून तीन वर्षं गेलो तरी मला चढ वाटला नव्हता. कारण हा मुलूख माझा होता. १९८६ ते ८९ मी जुन्नर तालुक्यातल्या एका शाखेत कृषी अधिकारी होतो. नारायणगावच्या आसपासच्या पंधरा-वीस गावांतल्या विहिरी, मोटारी, पाईपलाईन, गाई, सगळं माझ्या रजिस्टरात. कुणाची विहीर किती परस हे मला तोंडपाठ होतं. आपल्याला हा भाग माहीत आहे, असं मी समजत होतो.

आळेफाट्याला पिठलं-भाकरी खाल्ली, पहिली पावती घेतली. बोट्याच्या आसपास, रात्री एकच्या सुमाराला, माझं मागचं चाक बसलं. ट्रकचे टायर फुटतात त्यातल्या बारीक तारा रस्त्यावर पडलेल्या असतात, त्यातलीच एक. भाचा ट्यूब काढू लागला. मी बोटं काखेत घालून उभा. तेवढ्यात शेतातून एक बॅटरी हलत हलत आमच्याकडे आली. माकडटोपी, अंगावर घोंगडीसारखं काहीतरी, गुडघ्यापर्यंत चिखल, खांद्यावर फावडं. पन्नाशीचा माणूस.

"हितं नका थांबू," तो म्हणाला. "त्या उसात बिबट्या हाय. हिकडं या, मोटरीपाशी."

जुन्नर, आंबेगाव, शिरूर, संगमनेर या पट्ट्यात हे बोलणं अलंकारिक नसतं. इथल्या बिबट्यांच्या पिढ्या उसातच जन्मलेल्या आहेत. माणिकडोहला त्यांच्यासाठी निवारा केंद्र आहे. आम्ही सायकली ढकलत त्याच्या विहिरीपाशी गेलो. पत्र्याच्या पेटीत स्टार्टर, त्यावर एक लाल दिवा, आत मोटरीचा घुमणारा आवाज. चुलीवर चहा होता.

"एवढ्या रातीचं कुठं?"

भाच्यानं सांगितलं.

"बक्षीस काय?"

"काही नाही."

"मग कोन करायला लावतं तुम्हाला?"

या प्रश्नाला ब्रेव्हेच्या नियमावलीत उत्तर नाही. मी उलट त्याला विचारलं, तुम्ही काय करताय? तो म्हणाला, दारं धरतोय. कांद्याला पाणी. एक आठवडा लाईट दिवसाची, एक आठवडा रातची. ह्या आठवड्यात रातची पाळी. थ्री फेज आली की मोटर चालू, आणि मोटर चालू की माणसानं वाफ्यावाफ्यानं दारं फोडत हिंडायचं, उजाडेपर्यंत. आधी ऑटो स्विच लावून झोपायचे लोक. पण लाईट आली की साऱ्यांच्या मोटरी एकदम उचलतात आणि डीपी जळते. डीपी जळली की आठ-दहा दिवस गेले. आणि पाणी वाफा फोडून बाहेर गेलं तर? म्हणून जागायचं. मुलगा आधी सोबत यायचा. मागल्या साली शेजारच्या वस्तीवर बिबट्यानं कुत्रं नेलं, तेव्हापासून बायको त्याला पाठवत नाही. दिवसा वीज द्या म्हणून मोर्चे झाले. २०१७ पासून सरकारची सौर वाहिनीची योजना आहे, काही गावांत दिवसा लाईट आलीही. "आमच्याकडं यायचीय," तो म्हणाला आणि चहा गाळला.

मी विहिरीच्या कठड्यावर बसून तो चहा प्यायलो. आणि त्या वेळी मला जे आठवलं ते लिहिण्यासाठी हा सगळा लेख आहे, असं म्हटलं तरी चालेल.

माझ्या नोकरीच्या त्या तीन वर्षांत मी मोटारींच्या शेकडो तपासण्या केल्या. अहवालातलं वाक्य ठरलेलं : 'मोटर जागेवर आढळली, चालू स्थितीत आहे.' मी जायचो सकाळी अकराला किंवा दुपारी चारला. बहुतेक वेळा लाईट नसायचीच. तेव्हाही वीज पाळीनं यायची. चालू मोटर मी क्वचितच पाहिली. पण वाक्य तेच लिहिलं. ते जाऊ द्या, तेवढं सगळेच लिहीत. १९८७ च्या उन्हाळ्यात एका गावी मी तपासणीला गेलो तेव्हा कर्जदार ओसरीत बाजेवर गाढ झोपलेला होता. अकरा-साडेअकराची वेळ. बायको उठवायला निघाली, मी म्हटलं, राहू द्या. मोटर पाहिली, निघालो. आणि अहवालात, ठरलेल्या वाक्याखाली, मी माझ्या अकलेनं एक वाक्य जोडलं : 'कर्जदार दिवसा झोपलेला आढळला. शेतीकडे लक्ष दिसत नाही.' मी सव्वीस वर्षांचा होतो, निरीक्षणशक्तीचा मला अभिमान होता, कथाही लिहायला लागलो होतो. पुढच्या वर्षी त्या माणसानं पाईपलाईनसाठी अर्ज केला. फाईल उघडली, ते वाक्य वर आलं, अर्ज गेला. तो काउंटरपाशी उभा होता हे मला आठवतं. त्यानं कारण विचारलं नाही.

अडतीस वर्षांत हे मला एकदाही सुचलं नव्हतं, की तो माणूस रात्रभर जागलेला असेल. सहा कादंबऱ्या लिहिल्या, त्यांतल्या दोन शेतकऱ्यांवर. समीक्षकांनी त्यांत 'ग्रामजीवनाची सूक्ष्म जाण' वगैरे पाहिली.

भाच्यानं चाकात हवा भरली. संगमनेरच्या पलीकडच्या एटीएमला आम्ही तीन पंचावन्नला पोचलो, मुदत चारची. परतताना चंदनापुरीच्या घाटाला डुलक्या येऊ लागल्या. सायकलवरची डुलकी विलक्षण असते, डोळे उघडे असतात आणि रस्ता दिसत असतो, फक्त तो आपला नसतो. भाच्यानं मला मोठ्यानं पाढे म्हणायला लावले. एकोणतीसचा पाढा अडला तेव्हा उजाडत होतं.

नारायणगावात साडेआठला तिसरी पावती घेतली. त्या गावाचा फाटा तिथून जवळच. "तू हो पुढे," मी भाच्याला म्हटलं. "मामा, वेळ जाईल. नंतर गाडीनं येऊ," तो म्हणाला. त्याचं बरोबर होतं. तरी मी वळलो. गाडीनं मी कधी आलो नसतो, हे मला माहीत होतं.

मारुतीच्या पारावर एक म्हातारे बसले होते. मी नाव सांगितलं. तो जाऊन बारा-तेरा वर्षं झाली, म्हणाले. पोरं चाकणला कंपनीत, जमीन वाट्यानं दिलीय. मी पाईपलाईनचं विचारलं. ते माझ्या सायकलीकडे आणि चमकणाऱ्या जाकिटाकडे पाहत राहिले. "झाली की. सोसायटीनं दिलं नंतर कर्ज. दोन उन्हाळे गेले मधी, बैल विकला. पर झाली." मग म्हणाले, "तुमी कोन?"

मी म्हटलं, बँकेत होतो.

"हां," ते म्हणाले, आणि चहा घेणार का विचारलं.

पुढचे पंच्याहत्तर किलोमीटर उन्हातले होते, त्यांचं वर्णन काही करत नाही. मी दोन वाजून चौदा मिनिटांनी पोचलो. मुदत दोनची होती. टेबलापाशी बसलेल्या मुलीला फार वाईट वाटलं. "काका, चौदाच मिनिटं हो," ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. भाचा वेळेत पोचला होता, त्याची ब्रेव्हे धरली गेली, माझी नाही.

या फेब्रुवारीत पुन्हा निघायचं आहे, रस्ता तोच. बोट्याच्या त्या माणसाचा नंबर घेऊन ठेवला होता, परवा फोन केला. ओळख सांगितली, रात्री एक-दीडला येऊ म्हटलं.

"या की साहेब," तो म्हणाला. "पर त्या आठवड्यात आमची लाईट दिवसाची हाय. मी झोपलेलो आसंन."