विश्लेषण : एका पिकअपचे पुढचे सस्पेन्शन दुसऱ्या पिकअपला चालते का?

भिवंडीची गोदामे, कल्याणची कृषी उत्पन्न बाजार समिती, ठाण्याची वागळे इस्टेट आणि डोंबिवली एमआयडीसी यांच्यात माल वाहणाऱ्या पिकअपची खरी परीक्षा पावसाळ्यात होते. घोडबंदर रस्ता असो वा कल्याण-शीळ मार्ग, खड्ड्याचा पहिला मार पुढच्या चाकांना बसतो. दहा-बारा वर्षे जुन्या गाडीला सगळे नवे भाग घालणे अनेक मालकांना परवडत नाही. मग इंजिन गेलेली दुसरी पिकअप शोधून तिचे पुढचे सस्पेन्शन आपल्या गाडीला बसवण्याचा मार्ग निघतो. हा मार्ग चुकीचा नाही. मात्र कोणता भाग कुठे चालतो, हे न पाहता केलेली अदलाबदल चालकाच्या जिवावर बेतू शकते.

पुढच्या सस्पेन्शनमध्ये काय असते?

छोट्या मालवाहू गाड्यांत ढोबळमानाने दोन प्रकार दिसतात. पहिल्यात दोन्ही चाकांना जोडणारा एक अखंड अ‍ॅक्सल असतो आणि तो पाट्यांवर यू बोल्टने आवळलेला असतो. २००५ मध्ये आलेला टाटा एस, म्हणजे ‘छोटा हत्ती’, याच प्रकारातला. दुसऱ्या प्रकारात प्रत्येक चाक स्वतंत्रपणे वर-खाली होते. त्यासाठी वर-खाली दोन आर्म, बॉल जॉइंट आणि कॉइल स्प्रिंग किंवा टॉर्शन बार असतो. मारुती सुपर कॅरीसारख्या गाडीत मोटारीप्रमाणे मॅकफर्सन स्ट्रट असतात. या प्रकारांची चासीवरची जोडणीच वेगवेगळी असल्याने एका प्रकारचे सस्पेन्शन दुसऱ्या प्रकारच्या गाडीवर बसवणे ही दुरुस्ती राहत नाही. त्यासाठी चासी कापावी वा वेल्ड करावी लागते आणि तिथेच तो विचार सोडून द्यायला हवा.

अदलाबदल कधी जमते?

दोन्ही गाड्या एकाच कंपनीच्या, एकाच मॉडेलच्या आणि एकाच भारक्षमतेच्या असतील तर काम सोपे असते. मात्र नाव एक असले तरी भाग एकच असतील असे नाही. वर्षागणिक ब्रेक, हब, पाट्यांची संख्या किंवा बोल्टचा आकार बदललेला असू शकतो. म्हणून कंपनीच्या पार्ट कॅटलॉगमधला क्रमांक दोन्ही गाड्यांसाठी जुळवून पाहणे ही पहिली पायरी. त्यानंतर पाट्यांची लांबी-रुंदी, दोन्ही पाट्यांमधले अंतर, चाकांमधले अंतर आणि चाकाच्या नटांची मांडणी प्रत्यक्ष मोजावी.

निम्मे जुने, निम्मे दुसरे यात धोका कोणता?

पाटे दबले की अ‍ॅक्सल एका ठरावीक वाटेने वर-खाली होतो. स्टिअरिंगचा रॉडही आपल्या वाटेने हलतो. या दोन वाटा जुळाव्यात म्हणून रॉडची लांबी आणि कोन कंपनीने ठरवलेले असतात. अ‍ॅक्सल एका मॉडेलचा आणि रॉड दुसऱ्याचा असेल तर प्रत्येक खड्ड्यात स्टिअरिंग आपोआप एका बाजूला ओढले जाते. भरलेल्या गाडीत, ओल्या रस्त्यावर हे महागात पडते. ब्रेकचेही तसेच. स्टब अ‍ॅक्सल, हब, डिस्क आणि कॅलिपर हे एकमेकांसाठी बनलेले असतात. त्यामुळे जुळणाऱ्या गाडीचा संपूर्ण संच उचलणे हे दोन-चार भाग निवडून उचलण्यापेक्षा सुरक्षित.

पाटे नेहमी डाव्या-उजव्या जोडीने बदलावेत. एकाच बाजूला नवे घातले तर गाडी झुकते. टॉर्शन बारवर डावी-उजवी अशी खूण असते. त्यांची बाजू बदलून चालत नाही, कारण पोलादाला एकाच दिशेने पीळ घेण्याची सवय झालेली असते.

जुना भाग घेताना काय पाहावे?

कुर्ल्याच्या सीएसटी रोडसारख्या बाजारात धुऊन-रंगवून ठेवलेला भाग नवा वाटतो. तडा मात्र रंगाखाली लपतो. म्हणून रंग खरवडून पाहावे. मिस्त्रींची जुनी युक्ती आजही उपयोगी आहे : भागाला रॉकेल लावून कोरडा पुसायचा आणि वर खडूची पूड चोळायची. तडा असेल तर त्यात मुरलेले रॉकेल बाहेर येऊन ओली रेघ उमटते. पाट्यांना तडा बहुधा मधल्या बोल्टच्या भोकाजवळ जातो, तिथे आधी पाहावे.

वाकलेला अ‍ॅक्सल किंवा स्टब अ‍ॅक्सल भट्टीत तापवून सरळ केलेला असेल तर तो घेऊ नये. हे भाग उष्णता देऊन कणखर केलेले असतात. पुन्हा तापवल्यावर ती ताकद जाते. अपघातग्रस्त गाडीचा पुढचा भाग तर शक्यतो टाळलेलाच बरा.

नवे काय घ्यावे?

यू बोल्ट, मधला बोल्ट, रबर बुश, स्प्लिट पिन आणि हबचे ऑइल सील नवेच घ्यावेत. किंग पिन किंवा बॉल जॉइंटमध्ये किंचितही खेळ असेल तर तेही. एकदा पूर्ण आवळलेला यू बोल्ट ताणला जातो, दुसऱ्यांदा तो तेवढीच पकड देत नाही. काम झाल्यावर व्हील अलाइनमेंट करावे, आधी रिकामी गाडी चालवून ब्रेक पाहावेत आणि थोडे अंतर चालल्यावर यू बोल्ट पुन्हा तपासावेत.

जास्त माल भरता यावा म्हणून पाटा वाढवण्याचा सल्लाही गॅरेजमध्ये मिळतो. त्याने गाडी उंच होते, पुढच्या चाकांचा कोन बदलतो. पण आरसीवरची भारक्षमता किलोभरही वाढत नाही. ब्रेक आणि टायर पूर्वीचेच राहतात.

कायदा काय म्हणतो?

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल वाहनात करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये हीच बाब स्पष्ट केली. झिजलेल्या भागाच्या जागी त्याच मापाचा भाग बसवणे ही दुरुस्ती. गाडीची मूळ रचना बदलणे हा फेरबदल. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा बेकायदा फेरबदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक फेरबदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात.

मालवाहू गाडीला आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी फिटनेस प्रमाणपत्र लागते. ठाण्याची एमएच ०४ असो वा कल्याणची एमएच ०५, तपासणीत स्टिअरिंग, ब्रेक आणि सस्पेन्शन पाहिले जाते. अपघात झाल्यास बेकायदा फेरबदलावरून विम्याचा दावाही अडू शकतो.

भाग काढलेल्या गाडीचे काय?

हा मुद्दा बहुतेकांच्या लक्षातच येत नाही. गाडी कायमची निकामी झाली तर कलम ५५ नुसार १४ दिवसांत आरटीओला कळवून आरसी जमा करावी लागते. सांगाडा कोपऱ्यात पडून आणि नोंदणी तशीच राहिली, तर कागदोपत्री जबाबदारी मालकाचीच राहते. उरलेली गाडी नोंदणीकृत स्क्रॅप केंद्रात देऊन प्रमाणपत्र घेता येते. सुटे भाग घेणाऱ्यानेही पावती आणि मूळ गाडीचा नोंदणी क्रमांक मागून घ्यावा. भाग चोरीच्या गाडीचा निघाला तर हीच पावती प्रामाणिक खरेदीचा पुरावा म्हणून कामी येते.

हिशेब साधा आहे. जुना संच, नवे बोल्ट-बुश, मजुरी आणि अलाइनमेंट यांची बेरीज नव्या भागांच्या जवळ जात असेल तर नवेच घ्यावे. चासीला पाट्यांच्या जोडणीपाशीच गंज वा तडा असेल, तर कितीही चांगले सस्पेन्शन त्या गाडीला वाचवू शकत नाही. म्हणून दुसरी पिकअप विकत घेण्याआधी आपल्याच गाडीची चासी नीट तपासून घ्यावी.