एक सूर वाढला, हात सोपा झाला

वाद्याबाबत आपल्या घराघरांत मतं वेगळी आहेत. तो निर्णय ज्याच्या त्याच्या घरचा. आमच्या पिशोरच्या घरात मुलीच्या हट्टाने गिटार आली, आणि दोनच महिन्यांत ती कपाटावर जाण्याची वेळ आली. 'जी' कॉर्डवरून 'सी'वर जाताना सगळी बोटं एकदम उचलावी लागत, ताल तुटे आणि ती रडकुंडीला येई.

वाट निघाली 'सी ॲड नाइन'मधून. साध्या 'सी'त सा, ग, प असे तीन सूर. त्यांत वरच्या सप्तकातला रे मिळवायचा. सापासून मोजला तर तो नववा, म्हणून 'नाइन'. नुसत्या 'सी नाइन'मध्ये कोमल नीसुद्धा असतो. इथे तो नसतो.

'जी' धरताना अनामिका दुसऱ्या तारेवर आणि करंगळी पहिल्या तारेवर, दोन्ही तिसऱ्या फ्रेटवर ठेवावीत. ही दोन बोटं हलवायचीच नाहीत. मधलं बोट तिसऱ्याच फ्रेटवर सहाव्या तारेवरून पाचवीवर, आणि तर्जनी दुसऱ्याच फ्रेटवर पाचवीवरून चौथीवर सरकवायची. तिसरी तार मोकळी वाजते. सहावी वाजवायची नाही.

मगरिबनंतर रोज 10 मिनिटं पुरेत: 4 मात्रा 'जी', 4 मात्रा 'सी ॲड नाइन'. सूर खरखरला तर बोट फ्रेटच्या जवळ न्यावं.

मूल कंटाळलं असं म्हणण्याआधी, धडा त्याच्या हाताच्या मापाचा आहे का, हे आपण पाहावं.