शंभर रुपयांतले पोटासाठी किती?

कळंबोलीच्या लोखंड-पोलाद बाजारात लांबलांबून ट्रक येतात. माल उतरेपर्यंत चालकाचे जेवण-चहा बाहेर होतो आणि गावी बायको-मुलांची चूल वेगळी पेटते. एकाच कमाईवर दोन ठिकाणचा खर्च! परदेशी गेलेल्या नातेवाइकाचा पगार मात्र आपण लगेच रुपयांत मोजतो आणि 'त्यांची चैन आहे' असे म्हणून मोकळे होतो. आमच्या मते हा हिशेब फसवा आहे. तिथली घरभाडी, तिथले भाव त्यात कोठेच नसतात. म्हणून तुलना करायची ती शंभरातले किती अन्नावर जातात याची.

कमाई वाढते तसा खर्चातील अन्नाचा वाटा घटतो, हा नियम जर्मन संख्याशास्त्रज्ञ अर्न्स्ट एंगेल यांनी १८५७ साली मांडला. आज तो पडताळून पाहा. दर शंभरातले नायजेरियात सुमारे ५७ (२०१९), बांगलादेशात ४६ (२०२२), चीनमध्ये ३० (२०२३), जपानमध्ये २८ (२०२४), तर अमेरिकेत केवळ १३ (२०२३) अन्नावर गेले. भारतात २०२३-२४ च्या सरकारी पाहणीनुसार हा आकडा खेड्यात ४७ आणि शहरात जवळपास ४० होता. प्रत्येक देशाची मोजणीची पद्धत थोडी वेगळी असते, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे.

अमेरिकन कुटुंबही सुखात लोळते असे नाही. त्याच्या शंभरातले ३३ घरावरच जातात. पण खरा फरक महागाईत कळतो. त्याच पाहणीत शहरात दरमहा माणशी खर्च ६,९९६ रुपये होता. म्हणजे चौघांचा सुमारे २८ हजार, त्यातले ११ हजार अन्नाचे. अन्न दहा टक्क्यांनी महागले तर अकराशे रुपये आणायचे कोठून? ते मुलांच्या फीमधून किंवा औषधातून निघतात. अमेरिकेत तेवढ्याच भाववाढीने शंभरातला सव्वाच जास्त जातो, आपल्या शहरात चार.

व्यापाऱ्यांनीही एक गोष्ट टिपावी. शहरी खर्चात धान्याचा वाटा चार टक्क्यांहून कमी उरला आहे. पेये, फराळ व तयार खाद्यपदार्थ मात्र अकरा टक्के घेतात. कळंबोलीत खानावळ किंवा टपरी चालवणाऱ्यांचे गिऱ्हाईक हेच.

वाचकांनी महिनाभर घरचा खर्च वहीत मांडावा. बाहेरचा चहा-वडापावही अन्नातच धरावा. निम्म्याहून अधिक तिथेच जात असेल, तर हप्त्यावर नवी वस्तू घेण्याआधी थांबलेले बरे.