प्राण्यांना छळणाऱ्यांची जाहीर यादी: ती काय रोखते, काय नाही

एखाद्या कुत्र्याला किंवा मांजराला छळल्याचा व्हिडिओ फिरू लागला की त्याच्या पाठोपाठ एक मागणी येतेच: असल्या माणसांची नावं आणि फोटो सरकारने जाहीर करावेत, म्हणजे त्यांच्या हाती पुन्हा कुणी प्राणी देणार नाही. सोबत दाखला असतो अमेरिकेचा. मागणीमागचा संताप रास्त आहे. मुका जीव तक्रार करू शकत नाही, साक्ष देऊ शकत नाही आणि ज्याच्या हातून मार खातो त्याच्याच हातून जेवतो. म्हणूनच त्याच्या रक्षणासाठी सुचवलेला उपाय खरोखर चालतो का, हे नीट तपासायला हवं. अमेरिकेचा अनुभव बारकाईने पाहिला तर असं दिसतं की प्राणी वाचतो तो गुन्हेगाराचं नाव चारचौघांत झळकल्यामुळे नव्हे. त्या माणसाला प्राणी बाळगायची मनाई झाली आणि प्राणी देणाऱ्याला ती मनाई त्या क्षणी तपासता आली, तर तो वाचतो.

पहिला गैरसमज यादीच्या आवाक्याबद्दलचा आहे. ‘अमेरिकेत अशी यादी आहे’ हे विधान ढोबळ आहे, कारण साऱ्या देशाला लागू अशी एक यादी तिथे नाही. सुरुवात झाली न्यूयॉर्क राज्यातल्या सफोक काउंटीत, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या एका घटकात, २०१० साली. दोषी ठरलेल्याने स्वतःची नोंद करायची आणि यादीच्या खर्चासाठी दरवर्षी ५० डॉलर भरायचे, असा तो कायदा होता. मग शेजारच्या काही काउंट्यांनी तो उचलला. संपूर्ण राज्याची यादी करणारं पहिलं राज्य टेनेसी; तिथला कायदा १ जानेवारी २०१६ पासून लागू झाला आणि यादी राज्याच्या तपास यंत्रणेकडे आली. फ्लोरिडाने २०२५ मध्ये अशाच यादीसाठी ‘डेक्स्टर्स लॉ’ केला. निवाऱ्यातून दत्तक गेलेला डेक्स्टर नावाचा कुत्रा २०२४ मध्ये शिर तोडलेल्या अवस्थेत एका उद्यानात सापडला होता. कायद्याला त्याचं नाव मिळालं. यात आणखी एक गल्लत होते. एफबीआयने २०१६ पासून प्राण्यांवरील क्रौर्याची आकडेवारी स्वतंत्रपणे गोळा करायला घेतली, तीच पुष्कळांना गुन्हेगारांची राष्ट्रीय यादी वाटते. प्रत्यक्षात त्यात गुन्ह्यांची मोजदाद असते: हयगय, हेतुपुरस्सर छळ, झुंजींसारखे संघटित प्रकार आणि लैंगिक अत्याचार. ते पाहून कुत्र्याचं पिल्लू द्यावं की नाही, हे कुणालाच ठरवता येणार नाही. यादी काउंटीची असेल, तर माणूस पलीकडच्या काउंटीत राहायला गेला की तिचा उपयोग संपलाच.

दुसरा गैरसमज जास्त घातक आहे, कारण तो निर्धास्त करतो: यादीत नाव आलं म्हणजे त्या माणसाला प्राणी पाळायला बंदी झाली. तसं होतंच असं नाही. टेनेसीत यादीत नाव येणं आणि प्राणी बाळगायला मनाई होणं या कायद्याने वेगळ्या गोष्टी आहेत. नाव झळकलं म्हणून मनाई आपोआप लागत नाही. याउलट न्यूयॉर्क शहराने २०१४ मध्ये केलेला कायदा पाहा. तिथे नोंद असेपर्यंत प्राणी बाळगायला मनाई आहे, पाळीव प्राण्यांची दुकानं आणि निवारे यांनी प्राणी देण्याआधी नोंद तपासायची आहे, आणि ती नोंदवही सर्वसामान्यांसाठी खुली नाही. पोलीस, सरकारी वकील, दुकानदार, निवारे यांनाच ती पाहता येते. एकीकडे नाव जगजाहीर पण मनाई वेगळी मिळवावी लागते; दुसरीकडे नाव झाकलेलं, तरी मनाई आणि तपासणी दोन्ही पक्की. दत्तक जाणाऱ्या मांजराच्या बाजूने विचार केला तर दुसरी व्यवस्था उघडच सरस आहे. सफोकलाही नुसती यादी अपुरी वाटली असावी, कारण विक्रेत्यांनी आणि निवाऱ्यांनी ती तपासण्याचं बंधन तिथे नंतर घालण्यात आलं.

मग यादीत येतं तरी कोण? आरोप झालेला नव्हे, दोषी ठरलेला. तोही बहुधा गंभीर गुन्ह्यातला. टेनेसीच्या यादीचा रोख निर्घृण छळ, प्राण्यांच्या झुंजी अशा मोठ्या गुन्ह्यांवर आहे, आणि शेतावरच्या जनावरांपेक्षा घरच्या सोबती प्राण्यांवर. क्रौर्याचं गंभीर रूप हा मोठा गुन्हा मानणारं कलम आज अमेरिकेतल्या पन्नासही राज्यांत आहे. सर्वांत शेवटी ते आणलं साउथ डकोटाने, २०१४ मध्ये. पण तिथले पुष्कळ फौजदारी खटले वकिलांच्या तडजोडीत मिटतात: आरोपी लहान गुन्हा कबूल करतो आणि मोठं कलम गळून पडतं. कलम गळलं की यादीही टळते. प्राणी संघटनांची एक भीती अशीही आहे, की यादीच्या धास्तीने आरोपीचा वकील अशा तडजोडीसाठी आणखी हटून बसेल. जी नावं चढतात तीही कायमची नसतात. टेनेसीत पहिल्या गुन्ह्याला दोन वर्षं, पुन्हा केला तर पाच. त्यामुळे ‘यादीत नाव नाही, म्हणजे माणूस चांगला’ असा निष्कर्ष काढला तर यादी असण्याचा उपयोग होण्याऐवजी तोटाच होईल.

यादीच्या बाजूने हटकून दिलं जाणारं कारण म्हणजे, आज कुत्रा मारणारा उद्या माणूस मारेल. यात सत्याचा अंश आहे, आणि तो हलका नाही. अर्नोल्ड अर्लुक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये मॅसॅच्युसेट्समधला एक अभ्यास प्रसिद्ध केला. प्राण्यांच्या छळासाठी खटला झालेल्या १५३ जणांची तुलना त्यांनी त्याच वस्तीतल्या, वयाने आणि लिंगाने सारख्या १५३ जणांशी केली. छळ करणाऱ्यांत हिंसक गुन्ह्यांची नोंद असण्याचं प्रमाण जवळपास पाचपट निघालं. पण त्याच अभ्यासाने ‘आधी प्राणी, मग माणूस’ ही चढती पायरी मात्र दाखवली नाही. प्राण्यांचा छळ इतर गुन्ह्यांच्या आधीही होता, नंतरही होता, आणि त्या इतर गुन्ह्यांत चोरी, अमली पदार्थ असं सगळंच होतं. याचा अर्थ, घरात प्राण्याला मारहाण होत असेल तर पोलिसांनी आणि बालकल्याण यंत्रणेने तिथे माणसांकडेही पाहायला हवं. अभ्यासातून निघतं ते हे. शेजाऱ्यांना फोटो दाखवावा हे निघत नाही. शिवाय सगळे दोषी एकाच मुशीतले नसतात. एका खोलीत चाळीस मांजरं कोंडून त्यांची उपासमार करणारी व्यक्ती अनेकदा आजारी असते. प्राण्यांचा असा साठा करणं २०१३ च्या अमेरिकी मनोविकार सूचीत साठेबाजीच्या विकाराचं एक रूप म्हणून आलं आहे. अशा व्यक्तीला उपचार हवेत, आणि कुणीतरी अधूनमधून दार वाजवून घरात किती प्राणी आहेत हे मोजायला हवं.

‘निदान धाक तरी बसेल’ हे म्हणणं पुराव्यावर घासून पाहता येतं, मात्र थोडं बाजूने. लैंगिक गुन्हेगारांच्या नोंदी अमेरिकेत फार जुन्या आहेत. प्रेस्कॉट आणि रॉकॉफ या संशोधकांनी २०११ मध्ये दोन गोष्टी वेगळ्या करून तपासल्या: पोलिसांकडची नोंद आणि लोकांसाठीची जाहिरात. पोलिसांकडच्या नोंदीने ओळखीच्या आणि जवळच्या लोकांवरचे गुन्हे घटलेले दिसले. जाहिरातीने नवख्यांना काहीसा धाक बसल्याची चिन्हं होती. पण ज्यांची नावं आधीच जाहीर झाली होती, त्यांच्याकडून पुन्हा गुन्हा होण्याचं प्रमाण वाढल्याचे संकेत मिळाले. घर, नोकरी, ओळखी तुटलेल्या माणसाकडे गमावण्यासारखं थोडंच उरतं, हे त्याचं संभाव्य कारण. प्राण्यांवरचे गुन्हे वेगळे आहेत, म्हणून हा निष्कर्ष जसाच्या तसा लावू नये. पण नोंद आणि जाहिरात यांचे परिणाम उलटसुलट असू शकतात एवढं त्यातून नक्की कळतं. प्राणिप्रेमी संघटनांतही यावर एकमत नाही. ‘ॲनिमल लीगल डिफेन्स फंड’ने याद्यांसाठी मोहीम चालवली, तर ‘एएसपीसीए’सारख्या जुन्या संस्थेला या याद्यांचा आवाका तोकडा वाटतो आणि न्यायालयाची मनाई अधिक भरवशाची.

माझ्या म्हणण्यावरचा सर्वांत जोरदार आक्षेप वेगळाच आहे. बहुतेक पिल्लं दुकानातून किंवा निवाऱ्यातून जातच नाहीत. शेजारी देतो, सोसायटीतली काकू देते, व्हॉट्सॲपवर फोटो पाहून कुणी घेऊन जातं. बंद नोंदवही त्यांच्या काय कामाची? हा आक्षेप मला पटतो. पण त्याला उत्तर म्हणून साऱ्यांचे पत्ते उघडे टाकायची गरज नाही. प्राणी देणाऱ्याने नाव आणि ओळखपत्र कळवावं, आणि नोंद ठेवणाऱ्या कार्यालयाने ‘मनाई आहे’ किंवा ‘नाही’ एवढंच सांगावं, अशी सोय करता येते. ‘न्यायालयाचे निकाल जाहीरच असतात, मग लपवायचं काय?’ असंही विचारलं जातं. निकाल जाहीर असतो. पण निकाल शोधून वाचणं आणि फोटोसह नाव गल्लीच्या तोंडी देणं यांत फरक आहे, आणि ज्याच्या घरावर दगड पडतील त्या घरात त्याची मुलंही राहतात.

ब्रिटनने २००६ च्या प्राणी कल्याण कायद्यात भर मनाईवरच ठेवला. न्यायालय दोषी व्यक्तीला प्राणी बाळगण्यापासून, विकण्यापासून, वाहून नेण्यापासून अपात्र ठरवू शकतं, आणि ते मोडणं हा स्वतंत्र गुन्हा आहे. आपल्याकडे तर ही तरतूद त्याहून जुनी आहे, हे फार थोड्यांना माहीत असतं. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ मधला पहिल्या गुन्ह्याचा दहा ते पन्नास रुपये दंड सगळ्यांना ठाऊक आहे आणि त्यावर चीडही येते. त्याच कायद्याचं कलम २९ मात्र न्यायाधीशाला असा अधिकार देतं, की दोषीला कोणताही प्राणी बाळगायला ठरावीक काळ किंवा कायमची मनाई करावी. मनाई मोडली तर तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. मात्र अशी मनाई करायला अटी आहेत. आधीची शिक्षा किंवा त्या माणसाची वागणूक पाहता प्राण्याचा पुन्हा छळ होण्याचा संभव पुराव्याने दाखवावा लागतो. जिथे असा प्राणी पाळायला परवाना लागतो, अशाच भागात गुन्हा घडलेला असावा लागतो. मुंबईत कुत्र्याला महापालिकेचा परवाना लागतो, म्हणून तिथे ही अट पुरी होऊ शकते, पण गावातल्या बैलाच्या बाबतीत ती आडवी येते. कायदा दुरुस्त करताना ही अट काढायला हवी आणि झालेल्या मनाईची नोंद एका ठिकाणी ठेवायला हवी. तिसरी अट मात्र तक्रारदाराच्याच हातात आहे: आरोपी दोषी ठरल्यास त्याला प्राणी बाळगायला मनाई करावी अशी विनंती करणार असल्याचं मूळ तक्रारीतच लिहिलेलं असावं लागतं. ते सुरुवातीला लिहायचं राहिलं, तर पुढे न्यायाधीशाला वाटलं तरी कलम २९ खाली मनाई करता येत नाही.