चमचाभर काकवी आणि दीड किलोचं बाळ

तू गुऱ्हाळ पाहिलंयस ना? कोल्हापुरात राहून न पाहिलेलं चालायचंच नाही! मोठ्या काहिलीत उसाचा रस रटरटत असतो. जाळ विझला तरी ती काहील कितीतरी वेळ चटके देते. आणि त्याच रसाची काकवी चमचाभर पानावर घेतली तर? दोन फुंकरा मारल्या, की गार!

असं का बरं? ऊब नेहमी बाहेरच्या बाजूने निसटते. चमचाभर काकवीत मुळात ऊब थोडीशीच. निसटायला मात्र चारी बाजू मोकळ्या!

आता ऐक. नवं बाळ म्हणजे चमचाभर काकवीच! त्यातून काही बाळं भारी घाईची. नऊ महिने पुरे व्हायच्या आतच येतात, कधी कधी जेमतेम दीड किलोची. ती तर पटकन गार पडतात.

थंडी वाजली की आपण कुडकुडतो. आपले स्नायू भराभर हलतात आणि त्यातून ऊब तयार होते. पण ओळख बघू, बाळ काय करतं? ते कुडकुडतच नाही! त्याला ते येतच नाही!

मग त्याच्याकडे काय असतं? मानेजवळ आणि पाठीत, दोन्ही खांद्यांच्या मध्ये, एक खास तपकिरी चरबी! ती जळते आणि बाळाला ऊब मिळते. पण ती साठते पोटातल्या शेवटच्या महिन्यांत. घाई केलेल्या बाळाकडे ती अगदीच थोडी. असं बाळ गार पडलं की त्याला दूध ओढायचीही ताकद राहत नाही. जिवावरच बेततं.

कोल्हापूरच्या सीपीआरसारख्या मोठ्या दवाखान्यात अशा बाळांची काळजी घेणारा वेगळा विभाग असतो. काचेसारखी पारदर्शक, उबदार पेटी तू चित्रात पाहिली असशीलच. पण जिथे पेट्याच पुरत नाहीत तिथे?

१९७८ साली कोलंबिया देशातल्या बोगोटा शहरात हेच झालं होतं. बाळं जास्त, पेट्या कमी! तिथल्या डॉक्टर एडगर रे यांना आठवलं कांगारू. कांगारूचं पिल्लू जन्मतं तेव्हा घेवड्याच्या दाण्याएवढं असतं! ते वाढतं आईच्या पिशवीत. मग डॉक्टरांनी काय केलं? बाळाला फक्त टोपडं आणि लंगोट घातला, आईच्या उघड्या छातीशी उभं धरलं आणि वरून कापडाने बांधलं. चमचा काहिलीलाच टेकवून ठेवला म्हण ना!

आणि खरी गंमत पुढेच आहे. जुळ्या बाळांचा एक छोटासा अभ्यास झाला. आईच्या एका बाजूला एक बाळ, दुसऱ्या बाजूला दुसरं. तर आईच्या छातीच्या दोन्ही बाजूंची ऊब वेगवेगळी! ज्या बाळाला जेवढी हवी, तेवढी! मला तर हे वाचून टाळ्याच वाजवाव्याशा वाटल्या.

आपल्या महाराष्ट्रातही असं मोठं काम झालंय बरं! गडचिरोलीत डॉक्टर अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने १९९५ पासून गावातल्याच बायकांना शिकवलं. बाळाचं वजन कसं करायचं, ताप कसा मोजायचा, उबदार पिशवीत बाळाला कसं ठेवायचं. दवाखाना दूर होता, म्हणून काळजीच घरी पोचली! ३९ गावांत बाळांचे मृत्यू निम्म्याहूनही कमी झाले.

तीच रीत पुढे देशभर गेली. म्हणून तर आज आपल्या गगनबावड्याच्या वाडीवरही अशीच शिकलेली गावातली बाई, म्हणजे आशाताई, येते! तिसरा, सातवा, चौदावा, एकविसावा, अठ्ठाविसावा आणि बेचाळिसावा दिवस, असे तिचे फेरे ठरलेले. पिशवीत तापमापक आणि वजनकाटा. ती आजीलाही समजावते, "आज्जी, बाळाला लगेच अंघोळ नको हं! आधी कोरडं करा, टोपडं घाला." आजी कुरकुरते, पण ऐकते.

आणि बाळाला छातीशी धरून आई दमली की? शर्टाची बटणं काढून बाबा बसतात. बाळ त्यांच्या छातीशी! हो, बाबांची ऊबही चालते. आजीची, मावशीचीसुद्धा!